कुरणाला विसावा, जनावराला सावली



झाडे आणि जनावरे यांचे पटत नाही, अशी समजूत खेडोपाडी रूढ आहे. वनखात्याचा कर्मचारी म्हणतो, लावलेली रोपे शेळ्यांनी खाल्ली. गुराखी म्हणतो, रोपे लावली आणि चराईची वाट बंद झाली. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते. ग्रामपंचायतीच्या बैठकीत हा वाद वर्षानुवर्षे चालतो, आणि तोवर माळ उघडा पडतो. ना तेथे झाड वाढते, ना गवत.

लहान पशुपालकाच्या घरी मात्र हे दोन्ही पक्ष एकाच माणसात नांदत असतात. त्याच्या बांधावर चार बाभळी असतात, माळाचा एखादा तुकडा असतो, दावणीला दोन गाई आणि पाच-सहा शेळ्या असतात. त्याला झाडही हवे आणि जनावरही हवे. या दोहोंचा मेळ लहानशा जमिनीवर कसा घालावा, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. त्याचे सार आरंभीच सांगता येईल. गवताचा आणि झाडाचा नाश जनावराच्या तोंडाने होतो, त्याहून अधिक तो अवेळी चराईने होतो. जमिनीला ठरलेल्या वेळी विसावा मिळाला, तर तीच जनावरे त्याच जमिनीला उपकारक ठरतात. परंतु या विसाव्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. ती किंमत कोण मोजतो, याचा विचार केल्यावाचून कोणतीही योजना टिकत नाही.

गवताची गरज

गवत आपले अन्न पानांत तयार करते आणि त्याचा काही अंश मुळांत व बुडख्यात साठवून ठेवते. जनावराने शेंडा खाल्ला की नवा फुटवा फुटतो, तो या साठ्याच्या बळावर. फुटवा पुरता वाढण्यापूर्वीच जनावर पुन्हा आले, तर गवत साठ्यातून दुसऱ्यांदा उचल करते. असे तीन-चार वेळा घडले की मूळ आखूड होते, बुडखा दुबळा होतो आणि पुढील उन्हाळा त्याला सोसवत नाही. फ्रान्समधील आंद्रे व्हॉइझँ या अभ्यासकाने १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हीच गोष्ट आग्रहाने मांडली. जनावरे किती आहेत याइतकेच, गवताच्या एका झुडपावर जनावराचे तोंड किती दिवसांनी परत येते, याला महत्त्व आहे, हे त्याचे सांगणे. त्याचे निरीक्षण थंड हवेच्या प्रदेशातले होते. तरीही विसाव्याचे तत्त्व उष्ण प्रदेशालाही लागू पडते. फरक एवढाच की आपल्याकडे गवताची वाढ पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत उरकते. त्या काळात कुरणाला महिनाभराचा विसावा पुरेसा होतो. कोरड्या दिवसांत मात्र गवत वाढतच नसल्यामुळे कितीही दिवस थांबले तरी नवा चारा उभा राहत नाही.

भारतातील गवताच्या आच्छादनाचा विस्तृत अभ्यास दाबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी केला व तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी देशाची गवताळ राने पाच प्रकारांत विभागली. महाराष्ट्राच्या पठारी भागाचा समावेश ज्या प्रकारात होतो, त्याची प्रमुख गवते म्हणजे पवना आणि मारवेल. दोन्ही बहुवर्षायू आणि जनावरांच्या आवडीची. चराईचा ताण वाढत गेला की हीच गवते प्रथम नाहीशी होतात, कारण जनावर त्यांनाच प्रथम शोधते. त्यांची जागा कुसळी घेते. कुसळी कोवळी असताना जनावर खाते. पण दाणे धरल्यावर तिची कुसळे जनावराच्या तोंडात रुततात आणि मेंढीच्या लोकरीत अडकतात. त्याही पुढे गेले की तरोट्यासारखी निरुपयोगी झुडपे आणि एका पावसाचे अल्पजीवी गवत तेवढे उरते. म्हणून शाळेतील मुलांनी गावच्या माळावर पवना आणि मारवेल कोठे उरले आहे याची नुसती पाहणी केली, तरी त्या माळाच्या प्रकृतीचे निदान होऊ शकते.

जमिनीचा हिशेब

कुरणाची व्यवस्था हिशेबापासून सुरू व्हावी. सुमारे तीनशे किलो वजनाच्या गाईला दिवसाकाठी सहा ते सात किलो कोरडा चारा लागतो. वर्षाचा हिशेब साधारण २.४ टन होतो. तीस किलो वजनाची शेळी दिवसाला सुमारे एक किलो, म्हणजे वर्षाला साडेतीनशे किलोंच्या वर चारा खाते.

आता उदाहरणादाखल एका कुटुंबाची कल्पना करू. त्याच्याकडे दोन हेक्टर हलका माळ आहे, थोडी ज्वारीची जमीन आहे, दोन गाई आणि सहा शेळ्या आहेत. माळावर हेक्टरी दोन टन कोरडे गवत होते असे धरले, तर एकूण चार टन झाले. पण हे सारे गवत खाऊ घालता येत नाही. निम्मे गवत जमिनीवर राखावे लागते. ते वाया जात नाही; ते माती धरून ठेवते, पाणी मुरवते आणि पुढच्या वर्षीच्या मुळांचे पोषण करते. म्हणजे हाती उरले दोन टन. याउलट दोन गाई आणि सहा शेळ्यांची गरज सात टनांच्या घरात जाते. ज्वारीचा दीड टन कडबा जमेस धरला, तरी साडेतीन टनांची तूट राहते.

ही तूट कोठून भरून निघते? गावच्या गायरानातून, वनाच्या कडेने, रस्त्याच्या बाजूने आणि उन्हाळ्यात जनावराच्या अंगावरील मांसातून. प्रत्येक घराची अशी तूट एकत्र झाली की गायरान उजाड होते. म्हणून लहान पशुपालकाच्या दोन हेक्टरांची सुधारणा हा त्याच्या एकट्याचा खाजगी प्रश्न राहत नाही.

ही तूट भरून काढण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, विसावा देऊन व मारवेल, पवना, स्टायलो यांचे बी पेरून गवताचे उत्पन्न वाढविणे. दुसरा, चाऱ्याची झाडे लावणे. तिसरा, जनावरांची संख्या हंगामानुसार राखणे. वरील उदाहरणात गवताचे उत्पन्न हेक्टरी चार टनांवर गेले, तर निम्मे राखूनही चार टन मिळतील. बांधावर आणि समपातळी रांगांत तीनशे झाडे असली व प्रत्येकापासून वर्षाला दोन किलो कोरडा पाला व शेंगा मिळाल्या, तर आणखी सहाशे किलोंची भर पडेल. कडबा धरून बेरीज सहा टनांच्या थोडी वर जाते. उरलेली तूट दोन बोकड उन्हाळ्यापूर्वीच विकून काही अंशी कमी करता येते. हे आकडे कल्पित कुटुंबाचे आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून हा हिशेब मांडावा. चारा संपल्यावर जनावर विकायला काढले तर खरेदीदार भाव पाडतो, हे १९७२ च्या दुष्काळापासून २०१८-१९ च्या चारा छावण्यांपर्यंत पुन:पुन्हा दिसून आले आहे.

पाल्याचे मोल

सहाशे किलो पाला ही भर अल्प वाटेल. पण तिचे महत्त्व वजनात मोजता येणार नाही. जनावराच्या पोटातील सूक्ष्म जीव गवताचे पचन घडवून आणतात, आणि त्या जीवांना काम करण्यासाठी चाऱ्यात सुमारे सात टक्के प्रथिने लागतात. उन्हाळ्यातील वाळलेल्या गवतात आणि कडब्यात ती तीन-चार टक्केच असतात. त्यामुळे गव्हाण भरलेली असूनही जनावर खात नाही, खाल्लेले पचत नाही आणि दिवसेंदिवस रोडावत जाते. सुबाभूळ, शेवरी यांच्या पाल्यात वीस टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक प्रथिने असतात. थोडासा हिरवा पाला कडब्यासोबत दिला, तर कडबाही अंगी लागतो. ज्या महिन्यांत माळावर हिरवे पान दिसत नाही, त्याच महिन्यांत झाड खोलवरचे पाणी ओढून हिरवे राहते. गवत आणि झाड यांची संगत उपयुक्त ठरते ती या कारणाने.

झाडांची निवड जमिनीप्रमाणे करावी. खोल आणि ओलाव्याच्या जागी शेवरी, हादगा, सुबाभूळ. मुरमाड व कोरड्या जागी अंजन, बाभूळ, हिवर, बोर, शिरीष. अंजनाचा पाला हा खानदेश-मराठवाड्यातील पशुपालकांचा जुना आधार आहे. बाभळीच्या आणि हिवराच्या शेंगा उन्हाळ्यात शेळ्या-मेंढ्यांना खुराकासारख्या उपयोगी पडतात. अंजन, खैर, चिंच, मोह यांसारखी झाडे तोडण्यापूर्वी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये परवानगी लागते, याचीही जाणीव ठेवावी.

सुबाभळीविषयी दोन शब्द अधिक सांगणे इष्ट होईल. हे झाड मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. १९७० च्या दशकात आपल्याकडे त्याचा मोठा प्रचार झाला, आणि पुढे त्याच्याविषयी निराशाही पसरली. दोहोंना कारणे होती. त्याच्या पाल्यात मिमोसिन नावाचा विषारी घटक असतो. तो अधिक प्रमाणात पोटात गेला तर जनावराचे केस गळतात, गळ्याची ग्रंथी सुजते. म्हणून गाई-म्हशींच्या एकूण चाऱ्यात सुबाभळीचे प्रमाण एक-तृतीयांशाहून कमी ठेवावे. घोडे, गाढवे, कोंबड्या यांना ती जवळजवळ वर्ज्यच समजावी. १९८० च्या दशकाच्या आरंभी रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाला असे आढळले की हवाई बेटांवरील शेळ्यांच्या पोटात या विषाचा परिहार करणारे सूक्ष्म जीव असतात. ते दुसऱ्या जनावरांच्या पोटात सोडल्यावर त्यांनाही सुबाभूळ बाधेनाशी झाली. तथापि आपल्या जनावराच्या पोटात हे जीव आहेत असे गृहीत धरून प्रमाण वाढविणे शहाणपणाचे नाही.

दुसरी गोष्ट किडीची. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रस शोषणारी एक कीड अमेरिका खंडातून पॅसिफिक बेटांमार्गे आशियात व भारतातही आली आणि सुबाभळीचे कोवळे शेंडे तिने ठिकठिकाणी करपवले. ज्यांनी एकाच झाडावर सारा भरवसा ठेवला होता, त्यांचे नुकसान झाले. यावरून मिळणारा बोध स्पष्ट आहे. कुरणात किमान चार-पाच जातींची झाडे असावीत. पाल्याची वेगळी आणि शेंगांची वेगळी.

असाच बोध कच्छमधील बन्नीच्या विस्तीर्ण गवताळ रानातून मिळतो. तेथे १९६१ मध्ये वाळवंटाचा प्रसार रोखण्यासाठी वेडी बाभूळ लावण्यात आली. गुरांनी तिच्या गोड शेंगा खाल्ल्या आणि शेणावाटे बी सर्वत्र पसरले. आज त्या रानाचा मोठा भाग या काटेरी झुडपाने व्यापला आहे, आणि गुरे पाळणाऱ्या मालधारींना त्याची झळ पोचली आहे. झाड लावणे हे सत्कृत्य खरेच. पण कोणते झाड, कोठे आणि त्याचे बी कोण पसरवणार, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. वेडी बाभूळ जेथे आधीच पसरली आहे, तेथे शेंगा वेचून भरडून खाऊ घातल्या तर बी मरते आणि चाराही मिळतो.

रोपाचे झाड होईपर्यंत

झाडाच्या आयुष्यातील कठीण काळ पहिल्या तीन ते पाच वर्षांचा. शेंडा जनावराच्या तोंडाच्या वर गेला की झाड बहुतांशी वाचते. शेळी मागच्या पायांवर उभी राहते, हे ध्यानात घेऊन ही उंची ठरवावी. तोवर त्या तुकड्यात जनावर सोडू नये. मात्र गवत कापून नेण्यास हरकत नाही. उलट रोपाभोवतीचे गवत कापल्याने रोपाला उजेड मिळतो आणि घरी वैरण होते. जेथे सारा तुकडा बंद ठेवणे परवडत नाही, तेथे प्रत्येक रोपाभोवती बोराटीच्या किंवा बाभळीच्या फांद्यांचे काटेरी कोंडाळे करावे. तारेच्या कुंपणापेक्षा ते स्वस्त पडते, पण दर पावसाळ्यापूर्वी त्याची डागडुजी करावी लागते.

जनावरे आत सोडण्याचाही क्रम असावा. प्रथम मेंढ्या, कारण त्या खाली मान घालून चरतात. नंतर गाई, पण बैल व मोठी गुरे कोवळ्या खोडाला अंग घासून साल काढतात, हे पाहावे. शेळ्या सर्वांत शेवटी, कारण शेळीची पहिली आवड झाडपाला हीच आहे. शेळीला पाला गव्हाणीत बांधून दिला तर झाडही राहते आणि शेळीही पोसते.

छाटणीला विळा आणि कोयता हाती घेण्यापूर्वी एक नियम करून घ्यावा. मोठ्या झाडाचा शेंड्याकडील निदान एक-तृतीयांश भाग अबाधित राहावा, आणि एकच झाड दरवर्षी ओरबाडू नये. झाडांचे दोन-तीन गट करून आळीपाळीने छाटणी करावी. सुबाभूळ, शेवरी यांसारखी लवकर फुटणारी झाडे सुमारे एक मीटर उंचीवर छाटून झुडपाच्या आकारात राखता येतात. पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांच्या अंतराने त्यांची कापणी होते. सुबाभळीला शेंगा पिकू देऊ नयेत, अन्यथा तीही तणासारखी माजते.

सावली किती?

सावलीचे मोल दुधाच्या भांड्यात दिसते. विदेशी रक्ताच्या संकरित गाईला पंचवीस-सव्वीस अंशांपुढील उष्णता जाणवू लागते. ती कमी खाते, धापा टाकते आणि दूध आटवते. देशी गाय अधिक सोशिक असली, तरी वैशाखाच्या उन्हात तिलाही सावली लागते. परंतु सावली जितकी जास्त तितकी चांगली असे नव्हे. आपल्याकडील बहुतेक गवते उन्हात वाढणारी आहेत; दाट झाडीखाली ती विरळ होतात. म्हणून रांगांत पुरेसे अंतर असावे आणि जमिनीचा निम्म्याहून बराच अधिक भाग उन्हात राहावा. रांगा उताराला आडव्या, समपातळीत असाव्यात, म्हणजे पावसाचे पाणी अडते. माळावर एकच मोठे झाड असले तर सारी जनावरे दुपारी तेथेच गोळा होतात. खुरांनी जमीन घट्ट होते आणि शेण एकाच ठिकाणी साचते. तीच सावली दहा झाडांत वाटली गेली, तर शेणही साऱ्या माळावर वाटले जाते.

वर्षाचे वेळापत्रक

दोन हेक्टरांच्या तुकड्याचे चार कप्पे करावेत. कुंपण तारेचेच हवे असे नाही. घायपात, शेर किंवा काटेरी फांद्या यांनीही काम भागते, आणि राखणीला घरचे माणूस असले तर दोरीही पुरते. पहिला पाऊस पडताच जनावरे आत सोडण्याचा मोह आवरावा. त्या वेळचा कोवळा कोंब मुळातील साठ्यावरच उभा असतो. गवत गुडघ्याच्या जवळ आले की पहिला कप्पा खुला करावा, आठवडाभर चारावा आणि जनावरे दुसऱ्या कप्प्यात न्यावीत. चौथा कप्पा संपेपर्यंत पहिल्याला तीन आठवडे विसावा मिळतो. पाऊस कमी असेल तर हा काळ दावणीच्या वैरणीवर आणखी लांबवावा. चारपैकी एक कप्पा दरवर्षी पाळीपाळीने दाणे पिकून गळेपर्यंत पूर्ण बंद ठेवावा, म्हणजे बियाणे आपोआप पेरले जाते. दिवाळीच्या सुमारास उरलेले गवत फुलोऱ्यात असतानाच कापून वाळवावे. पिवळे पडलेले गवत वजनाला भरते, पण पोषणाला उणे असते. माघापासून वैशाखापर्यंत वाळले गवत, कडबा, पाला आणि शेंगा यांवर निभाव करावा आणि माळाला विसावा द्यावा.

अशा व्यवस्थेचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात आहे. काउका नदीच्या खोऱ्यातील एल हातिको हे एका कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले पशुक्षेत्र. तेथे १९९० च्या दशकापासून गवतात सुबाभळीची झुडपे हेक्टरी दहा हजारांच्या आसपास दाट लावली आहेत, त्यांवर मोठ्या झाडांची विरळ सावली आहे, आणि गाई एका कप्प्यात अल्पकाळ राहून पुढे जातात. सुबाभळीच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीला देत असल्यामुळे तेथे युरियाचा वापर बंद करता आला. आपल्या मुरमाड माळाला त्या खोऱ्याची सुपीक माती लाभलेली नाही, म्हणून त्याची नक्कल येथे होणार नाही. तथापि एकाच जमिनीवर गवत, झुडूप आणि वृक्ष असे तीन थर जनावरांसह नांदू शकतात, याची साक्ष तेथे मिळते.

विसाव्याची किंमत

स्वतःच्या मालकीच्या दोन हेक्टरांवर विसावा देणे हे निश्चयाचे काम आहे. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याचे काय? गावातील शेळ्या बहुधा भूमिहीन कुटुंबांकडे आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रियांकडे असतात. त्यांच्या दृष्टीने शेळी हीच बँक. गायरानावर चराईबंदीचा ठराव झाला की पहिला आघात त्यांच्यावर होतो, आणि गवत वाढल्यावर पहिला लाभ मात्र म्हशी असलेल्या घरांना होतो. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणाऱ्या धनगरांच्या मेंढ्यांचीही हीच गत. त्यांचे वाडे शेतात बसले की लेंडीखत हवेसे वाटते. त्यांची वाट गायरानातून गेली की ती नकोशी होते.

या प्रश्नाचे एक उत्तर हरयाणातील सुखोमाजरी गावाने १९७० च्या दशकात शोधले. चंदीगडचा सुखना तलाव गाळाने भरू लागला, तेव्हा त्याचे मूळ वरच्या डोंगरावरील अनिर्बंध चराईत असल्याचे दिसून आले. पी. आर. मिश्रा या मृद्‌संधारण तज्ज्ञाने गावकऱ्यांना चराई थांबवण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, त्या बदल्यात मिळणार काय? १९७६ मध्ये गावासाठी मातीचा बंधारा झाला. त्याच्या पाण्यात प्रत्येक कुटुंबाला, ज्याच्याकडे वीतभरही जमीन नाही त्यालाही, समान हक्क देण्यात आला. भूमिहीनाला आपला वाटा दुसऱ्यास देता येई. त्यानंतर तारेच्या कुंपणावाचून डोंगर राखला गेला. पुढील दशकांत तेथेही देखभालीच्या आणि वाटपाच्या अडचणी उद्भवल्या. वाटपाची व्यवस्था सैल झाली की राखणही सैल होते, हाही त्यातील धडा.

आपल्या राज्यात अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वीकारली. जनावर रानात सोडायचे नाही, विळ्याने गवत कापून न्यायचे, हा तेथील नियम. गवत वाढले, दुधाचा व्यवसाय वाढला, पाणी टिकले. असा नियम टिकण्यासाठी तो सर्वांना सारखा लागू असावा लागतो, आणि ग्रामसभेने तो स्वतः केलेला असावा लागतो.

म्हणून गायरानाबाबत ग्रामपंचायतींनी चार गोष्टी ठरावातच लिहून घ्याव्यात. गायरान एकदम सारे बंद न करता त्याचे भाग पाडावेत आणि पाळीपाळीने एकेक भाग बंद करावा. बंद भागातील गवत कापण्याचा पहिला हक्क भूमिहीन शेळीपालकांना द्यावा. फिरत्या मेंढपाळांची वाट आणि मुक्कामाची जागा नकाशावर आधीच दाखवावी. राखणदाराचा मोबदला गवताच्या उत्पन्नातून द्यावा, म्हणजे राखण अनुदानावर अवलंबून राहणार नाही. गायरानावरील अतिक्रमणे दूर करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी राज्यांना दिले. त्या आधाराने मोकळी झालेली जमीन पुन्हा उजाड राहू नये, याची जबाबदारी पंचायतीची आहे.

अधिकाऱ्यांनी रोपांची संख्या मोजताना तिसऱ्या वर्षी जिवंत असलेली झाडे मोजावीत, आणि त्यांच्याबरोबर कापलेल्या गवताचे भारेही मोजावेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील जनावरांचा व चाऱ्याचा वर सांगितलेला हिशेब मांडून घ्यावा. गणिताच्या तासाला त्याहून उपयुक्त उदाहरण मिळणे कठीण. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत ठराव मांडण्यापूर्वी, ज्या घरी शेळ्या आहेत पण जमीन नाही, त्या घरांची यादी हाती घ्यावी आणि त्या घरांतील स्त्रियांना प्रथम बोलू द्यावे. माळ कोणत्या महिन्यात बंद ठेवला तर चूल विझणार नाही, हे त्यांना इतर कोणाहूनही अधिक ठाऊक असते.